पटवाऱ्याचा बोरू आणि देशाची शिरगणती

१८७२ सालच्या फेब्रुवारीच्या २१ तारखेला मुंबई इलाख्याची शिरगणती झाली आणि येवले व कोपरगाव या दोन तालुक्यांतील लहानथोर माणसे सरकारी तक्त्यांत चढली. परंतु त्या तालुक्यांच्या शिवेला शीव लागून असलेल्या, तशाच लहरी पावसाच्या भरवशावर जगणाऱ्या आणि सोयरीकसंबंधांनी त्यांच्याशी पिढ्यान् पिढ्या बांधल्या गेलेल्या वैजापूर तालुक्यातील एकही जीव त्या तक्त्यांत आला नाही. वैजापूर निजामाच्या मुलखात होते, आणि त्या मुलखाची पहिली मर्दुमशुमारी त्यानंतर ९ वर्षांनी, १८८१ च्या १७ फेब्रुवारीला व्हावयाची होती. (वऱ्हाड प्रांत नावाने निजामाचा, पण कारभाराने इंग्रजांचा असल्यामुळे तेथली मोजदाद १८६७ सालीच उरकली होती, मालकी एकाची आणि हिशेब दुसऱ्याचा, हा प्रकार त्या काळी काही अपूर्व नव्हता.) गोदावरीच्या एका तीरावरचा कुणबी साम्राज्याच्या आकड्यांत जमा आणि दुसऱ्या तीरावरचा बेहिशेबी, अशी ही विलक्षण अवस्था नऊ वर्षे टिकली.

शिरगणतीचा इतिहास लिहिताना आपण सामान्यतः कलकत्त्याच्या अथवा दिल्लीच्या आयुक्तांची नावे घेतो, त्यांच्या जाडजूड अहवालांचे गुणगान करतो आणि त्या अहवालांतील अंक जणू राजधानीतच जन्माला आले अशा समजुतीने पुढे जातो. वस्तुतः ज्या अंकावर साम्राज्याचे अथवा राष्ट्राचे कोष्टक उभे राहते, तो अंक पहिल्याने कोणा तरी गावकामगाराच्या हातून, कोणा तरी ओसरीवर बसून कागदावर उतरलेला असतो. आणि त्या गावकामगाराला जे दिसते, जे दिसत नाही, जे विचारावेसे वाटते आणि जे विचारण्याचा त्याला संकोच अथवा कंटाळा येतो, त्या सर्वांची छाया त्या अंकावर कायमची पडलेली असते. स्वीडनने १७४९ पासून आपल्या प्रजेची जी गणना चालविली ती गावोगावच्या धर्मोपदेशकांच्या नोंदवह्यांवर, आणि इंग्लंडने १८०१ साली पहिली खानेसुमारी केली तीही गोरगरिबांच्या साह्याची व्यवस्था पाहणाऱ्या स्थानिक कामगारांच्या व पाद्र्यांच्या हातून. आपल्याकडे ते काम पटवाऱ्याकडे आले. वैजापूरसारख्या, राजधानीपासून दूर आणि परराज्याच्या हद्दीला चिकटलेल्या तालुक्यात हा व्यवहार फार स्वच्छ दिसतो, म्हणूनच त्याची कथा येथे सांगावयाची आहे.

या भूमीला मोजदाद नवी नव्हती. सतराव्या शतकाच्या प्रारंभी मलिक अंबराने जमीनमहसुलाची जी घडी बसविली, आणि पुढे औरंगजेबाच्या दख्खनच्या सुभेदारीत मुर्शिद कुली खानाने जो धारा बांधला, त्या दोहोंनी या भागातील शिवारे पुनःपुन्हा तपासली. परंतु त्या राजवटींना हवे होते ते जमिनीचे क्षेत्र, पिकाची प्रत, नांगरांची संख्या. फार तर घरपट्टीपुरती खानेसुमारी. बायका किती, पोरे किती, कोण कोठे जन्मला, कोण आंधळा, कोण मुका, हे विचारण्याचे प्रयोजन खजिन्याला कधी पडले नाही. ज्याच्याकडून काही घ्यावयाचे असेल त्याचीच मोजणी करावी, हे त्या कारभाराचे सरळ सूत्र होते, आणि पुढे जेव्हा सरकारचे लोक वही घेऊन दारात उभे राहिले तेव्हा रयतेच्या मनात जो संशय दाटून आला तो याच जुन्या अनुभवातून.

नव्या मोजदादीसाठी जी यंत्रणा लागते ती मात्र निजामी मुलखात १८८१ च्या पूर्वीच सिद्ध झालेली होती, आणि तिचे श्रेय निजामाचा दिवाण पहिला सालारजंग याला द्यावे लागते. १८६५ साली त्याने जिल्हाबंदी केली, महसुलाची मक्तेदारी मोडून काढली आणि सुभेदार, अव्वल तालुकदार, दुय्यम व सोयम तालुकदार, तहसीलदार, पेशकार, गिरदावर अशी पगारी अधिकाऱ्यांची उतरंड उभी केली. तिच्या तळाशी मात्र वतनी पाटील आणि वतनी पटवारी हे पूर्ववत राहिले. औरंगाबादेस सुभेदार, वैजापुरास तहसीलदार आणि मौजेमौजे पटवारी, अशी ही साखळी होती. तहसिलीचा पत्रव्यवहार प्रथम फारसीत व पुढे उर्दूत चाले, आणि गावचे दप्तर मोडी मराठीत. शिरगणतीला स्वतःचे असे खाते नव्हते, दर दहा वर्षांनी ती याच साखळीच्या खांद्यावर येऊन बसे. तीस ते पन्नास घरांचा एक गट, काही गटांचे एक मंडळ आणि मंडळे मिळून एक चार्ज, अशी जी रचना सरकारने कागदावर आखली तिचा अर्थ वैजापुरात इतकाच होता की तहसीलदाराने चार्ज घ्यावा, गिरदावराने मंडळावर फिरावे आणि पटवाऱ्याने लिहावे. त्यांच्याखेरीज लिहिणार तरी कोण? १९०१ सालीदेखील हैदराबाद संस्थानात अक्षरओळख असणाऱ्यांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. एखाद्या मौजात बोरू चालविणारा हात एकच असे, आणि तो पटवाऱ्याचा असे.

त्या काळची गणना एका रात्रीत होत असे. काही आठवडे आधी गेरूने घरांवर क्रमांक घातले जात. नंतर काळ्या शाईने कुटुंबवार कच्ची नोंद होई. आणि मुक्रर केलेल्या रात्री प्रगणकाने तीच वही घेऊन पुन्हा दारोदार फिरावे, जो मेला अथवा परगावी गेला त्याचे नाव तांबड्या शाईने खोडावे, जो नव्याने जन्मला अथवा पाहुणा म्हणून आला त्याचे नाव तांबड्या शाईने चढवावे, असा दंडक होता. रात्र निवडताना जत्रायात्रा, लग्नतिथी आणि पर्वण्या टाळून, पौर्णिमेच्या आसपासचा चांदण्याचा काळ पाहिला जाई. कारण हाती दिवटी घेऊन गल्लीबोळांतून आणि शेतवस्त्यांतून फिरणाऱ्या माणसाला चांदण्याची सोबत हवीच. रस्त्याने जाणारे गाडीवान, धर्मशाळेतले यात्रेकरू, नदीकाठी उतरलेले भटके, रात्रीच्या आगगाडीतले उतारू, सर्वांना गाठण्याची व्यवस्था करावी लागे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाडाहून सिकंदराबादेकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला, वैजापूरसाठी रोटेगावचे स्थानक झाले, आणि तहसीलदाराच्या त्या रात्रीच्या चिंतांत आणखी एकीची भर पडली. हद्दीवरच्या तालुक्यात तर हे फारच जपून करावे लागे. कारण ब्रिटिश मुलूख आणि संस्थाने यांची गणना एकाच रात्री करण्याचे कारणच मुळी असे होते की येवल्याच्या बाजाराला गेलेला वैजापूरकर दोन्हीकडे लागू नये, आणि दोन्हीकडून सुटूही नये.

आता हा पटवारी लिही तरी काय? १९०१ च्या तक्त्यात नाव, धर्म, पंथ, लिंग, विवाहस्थिती, वय, जात, मुख्य धंदा, जोडधंदा, जन्मस्थान, भाषा, साक्षरता, इंग्रजीचे ज्ञान आणि व्यंग अशी सोळा घरे होती. यांपैकी पुष्कळशी घरे पटवाऱ्याला कोणाला न विचारताही भरता येण्यासारखी होती, आणि येथेच त्याच्या ज्ञानाचा गुण व दोष एकत्र येतात. गावातील कोणाचे लग्न कधी झाले, कोणाचा भाऊ कोठे चाकरीला आहे, कोणते शेत कोण कसतो, हे त्याला तोंडपाठ असे, म्हणून परक्या माणसाला महिनाभरात जे कळले नसते ते तो एका बैठकीत लिहून काढी. परंतु ज्याला सर्व ठाऊक आहे तो विचारीत नाही, आणि जो विचारीत नाही त्याच्या हातून जे बदलले आहे ते सुटून जाते. वयाचे उदाहरण घ्या. जन्मतारीख कोणास ठाऊक नसे. अमक्या दुष्काळात दूध पीत होता, तमक्या पटकीच्या साली लग्न झाले, अशा खुणांवरून अदमास बांधावयाचा, आणि तो अदमास हटकून वीस, तीस, चाळीस अशा गोल आकड्यांवर येऊन थांबावयाचा. त्यामुळे देशाच्या वयोगटांच्या तक्त्यांत या आकड्यांपाशी उंचवटे दिसू लागले, आणि ते सारखे करण्यासाठी सरकारला विमागणिती नेमावे लागले. बायकांची नावे सांगण्यास घरोघर संकोच होई, म्हणून नाव न मिळाल्यास केवळ ‘स्त्री’ एवढे लिहिले तरी चालेल, अशी सवलत ठेवावी लागली. गावकुसाबाहेरच्या वस्तीत तर घरोघर जाण्याचा नियम, शिवाशिव पाळणाऱ्या त्या काळात, सहजच शिथिल होण्यासारखा होता. चावडीपाशी नावे बोलावून घेतली की काम झाले, अशी समजूत करून घेणे वतनदार लेखकाला जड नव्हते. जातीच्या घरात तर लेखकाची दृष्टीच उतरे. कोणाला कुणबी म्हणावे आणि कोणाला मराठा, कोणती पोटजात वेगळी धरावी आणि कोणती मोठ्या नावाखाली मिटवावी, हा निर्णय कागदोपत्री सांगणाऱ्याचा, पण व्यवहारात पुष्कळदा लिहिणाऱ्याचा असे.

हे सारे दोष मान्य करूनही त्या अंकांनी जे सांगितले ते खोटे म्हणता येत नाही. औरंगाबाद जिल्ह्यात १८८१ साली ७,३०,३८० माणसे मोजली गेली; १८९१ साली ती ८,२८,९७५ झाली; आणि १९०१ च्या १ मार्चच्या रात्री ती ७,२१,४०७ भरली. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक माणूस उणे झाला, शेकडा तेरा. १८९७ च्या आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांचा हा हिशेब होता. सबंध हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या त्याच दशकात १,१५,३७,०४० वरून १,११,४१,१४२ वर आली. म्हणजे संस्थानाच्या चार लाखांच्या निव्वळ घटीशी ताडून पाहिले तर पावापेक्षा मोठा वाटा एवढी घट या एकट्या जिल्ह्याची होती. उत्तरेस अजिंठ्याची रांग, दक्षिणेस गोदावरी, आणि मधे शिवना, ढेकू, नारंगी यांसारख्या, पावसाळा सरला की कोरड्या पडणाऱ्या नद्या, असा हा पट्टा. त्यात दुष्काळ कसा उतरला असेल हे सांगायला निराळे वर्णन नको. काही मेले, काही मुंबई इलाख्यात आणि वऱ्हाडात पोट भरण्यास गेले. काळ्या शाईने एकेकाळी लिहिलेली नावे पुढच्या वहीत चढलीच नाहीत. १८९१ आणि १९०१ या दोन्ही गणनांचे काम संस्थानात मिर्झा मेहदी खान यांच्याकडे होते. वाढीचा आणि ऱ्हासाचा, असे दोन्ही अहवाल एकाच अधिकाऱ्याच्या हातून यावेत, हा योग विरळा.

पुढच्या दशकात संस्थान सावरले, शेकडा वीस वाढले. आणि त्यानंतरच्या दशकात १९१८ च्या इन्फ्ल्युएन्झाने व लागून आलेल्या अवर्षणाने ते पुन्हा नऊ लाखांनी घटले. १९३१ आणि १९४१ च्या गणनांविषयी येथे विस्ताराने लिहिण्याचे कारण नाही. एवढेच नमूद करावे की १९३१ नंतर जातवार संपूर्ण कोष्टके छापणे बंद झाले आणि १९४१ साली एका रात्रीची पद्धतही मोडीत निघाली.

परंतु एक प्रश्न विचारल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. वैजापूर तालुक्याने १८८१ पासून १९४१ पर्यंत सात वेळा आपली माणसे मोजून दिली. त्या बदल्यात तालुक्याला काय मिळाले? अंक वर गेले, मध्यवर्ती कचेऱ्यांत त्यांची वर्गवारी झाली, हैदराबादेत व कलकत्त्यात इंग्रजी ग्रंथ छापले गेले, १८८४ साली औरंगाबादचे गॅझेटियर निघाले त्यात त्यांना स्थान मिळाले, दुष्काळात किती लोकांना खडी फोडावयास लावावे याचे प्रमाण ठरविण्यास त्यांचा उपयोग झाला. पण ज्या मौजाने अंक दिला त्या मौजाकडे तो परत आला नाही. गावाला मत नव्हते, म्हणून लोकसंख्येवरून जागा ठरण्याचा प्रश्न नव्हता. लोकल फंडाचा विनियोग तालुकदार पाही, म्हणून माणशी किती रुपये असा सवाल करण्याची सोय नव्हती. आणि जहागिरीच्या गावी तर तेवढाही विचार होत नसे. माझ्या मते निजामी काळातील शिरगणतीचे खरे उणेपण तिच्या चुकांत नसून या एकतर्फी प्रवासात आहे.

हा प्रवास दुतर्फी व्हावयास १९५१ साल उजाडावे लागले. जनगणनेचा कायदा भारत सरकारने १९४८ च्या सप्टेंबरच्या ३ तारखेला केला. त्यानंतर अवघ्या दोन आठवड्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान भारतात सामील झाले. १९५१ च्या फेब्रुवारीत वैजापूरकर प्रथमच प्रजा म्हणून नव्हे तर नागरिक म्हणून मोजला गेला, गावोगाव नागरिकांच्या नोंदणीची वही तयार झाली, आणि त्याच वेळी जिल्हा जनगणना पुस्तिका हा नवा ग्रंथप्रकार जन्मास आला. आयुक्त गोपालस्वामी यांच्या कारकीर्दीतील ही गोष्ट मला त्यांच्या अखिल भारतीय अहवालाहूनही महत्त्वाची वाटते. कारण या पुस्तिकेत प्रत्येक महसुली गावाला स्वतःची एक ओळ मिळाली. बेचिराख मौजालाही ती मिळाली. जेथे आज एकही चूल पेटत नाही, परंतु ज्याचे शिवार दप्तरी कायम आहे, असे गाव क्रमांक, नाव आणि क्षेत्र यांसह छापले जाते व लोकसंख्येच्या घरात तेवढे शून्य राहते.

पुढे पुढे ही ओळ लांबत गेली. गावात शाळा आहे काय, दवाखाना आहे काय, पिण्याचे पाणी विहिरीचे की हातपंपाचे, टपालघर, एसटीचा थांबा, पक्का रस्ता, वीज, आठवड्याचा बाजार, जवळचे शहर किती कोसांवर, ओलिताखाली जमीन किती आणि पड किती, हे सर्व त्या ग्रामनिर्देशिकेत येऊ लागले. आता वाचकांनी हे ध्यानात घ्यावे की यांपैकी एकही गोष्ट घरोघर जाणारा प्रगणक विचारीत नाही. ती येते पटवाऱ्याचा वारस जो तलाठी त्याच्याकडून, ग्रामसेवकाकडून, पंचायत समितीच्या कचेरीतून. शहराच्या बाबतीत नगरपरिषदेकडून, जिथे रस्त्यांची लांबी, नळांच्या जोडण्या, झोपडपट्ट्यांची यादी, इतकेच काय पण जमाखर्चसुद्धा द्यावा लागतो. सारांश, राष्ट्रीय जनगणनेचा एक मोठा भाग अक्षरशः स्थानिक संस्थांनी लिहिलेला आहे, आणि तो त्यांनी जितक्या काळजीने लिहिला तितकाच खरा आहे. शिवारात न जाता जुन्या पहाणीपत्रकावरून ओलिताचे क्षेत्र उतरवून दिले, शाळा मंजूर झाली तेव्हाच ‘आहे’ असे लिहून टाकले, तर तेच पुढे दहा वर्षे देशाचे सत्य म्हणून वावरते. १९९३ च्या दुरुस्तीने स्थानिक प्राधिकरणांनी आपले कर्मचारी गणनेसाठी उपलब्ध करून दिलेच पाहिजेत असे कायद्यातच घातले. जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक, जे १९६२ पासून या कामाचा कणा आहेत, त्यांच्या दृष्टीने यात नवे असे काही नव्हते.

आणि आता अंक परत येऊ लागला होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा व पंचायत समित्या अस्तित्वात आल्या तेव्हापासून गट आणि गण लोकसंख्येवर पाडले जाऊ लागले. ग्रामपंचायतीच्या कायद्याने दीड हजारांपर्यंत वस्ती असेल तर सात सदस्य, तीन हजारांपर्यंत नऊ, आणि असे चढत साडेसात हजारांच्या वर सतरा, अशी पायरी घातली. म्हणजे १,५०० आणि १,५०१ या दोन अंकांत एका माणसाचे नव्हे, दोन सदस्यांचे अंतर पडले. अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, उपकेंद्राला पाच हजार आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला तीस हजार वस्तीचा निकष, शिधावाटपाचा इष्टांक, वित्त आयोगाचे अनुदान, सर्वांच्या मुळाशी तोच अंक. १९८४ साली प्रा. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने प्रादेशिक अनुशेष काढला, तेव्हाही पुष्कळ क्षेत्रांत लोकसंख्येच्या मापानेच मराठवाड्याचे उणे मोजले गेले, आणि ३,१८६ कोटींच्या एकूण अनुशेषात ७५० कोटींचा वाटा मराठवाड्याचा ठरला. ज्या गणनेने १९०१ साली केवळ मेलेल्यांचा हिशेब दिला होता, ती आता जिवंतांच्या हक्काचा हिशेब देऊ लागली.

शहरालाही ही पायरी आहे. महाराष्ट्राच्या नगरपरिषद कायद्यात ४०,००० पर्यंतच्या वस्तीचा एक वर्ग आणि त्याहून अधिक, एक लाखापर्यंतच्या वस्तीचा दुसरा वर्ग. वैजापूर शहर २००१ साली ३७ हजारांच्या घरात होते. २०११ साली ते ४१,२९६ भरले. नारंगीकाठच्या गावाने चाळीस हजारांची ही ओळ ओलांडली ती बाराशे-तेराशे माणसांनी. दोन-चार गल्ल्या मोजावयाच्या राहिल्या असत्या तर गाव त्या ओळीच्या अलीकडेच राहिले असते. मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावरचा गणनागटांचा नकाशा म्हणूनच कुठल्याही ठरावाइतका वजनदार कागद आहे.

अंकावर हक्क ठरू लागला म्हणजे अंक घेण्याच्या वेळेकडेही लक्ष जाते, आणि येथे मराठवाड्याची एक जुनी, पण क्वचितच बोलली जाणारी तक्रार मांडावीशी वाटते. गणनेचा काळ फेब्रुवारीची ९ ते २८ तारीख. एकोणिसाव्या शतकात हा काळ निवडला तेव्हा हेतू असा की रब्बी उभी आहे, माणूस घरी आहे, पाऊस नाही. पुढे भंडारदऱ्याचे धरण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि त्याच्या मागोमाग नगर जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली. गोदेच्या अलीकडचा कोरडवाहू माणूस ऊसतोडीसाठी कोयता घेऊन पलीकडे जाऊ लागला. दिवाळीच्या सुमारास निघालेल्या टोळ्या पाडव्याच्या आसपास परततात. नियम असा की जे कुटुंब ९ ते २८ फेब्रुवारीपर्यंत सलग बाहेर असेल त्याची नोंद जेथे असेल तेथे, म्हणजे फडावरच्या कोपीत, व्हावी. नियमात तर्कदोष काहीच नाही. परंतु परिणाम असा की जे गाव वर्षातले सहा महिने त्या माणसाला पाणी, शाळा आणि धान्य देण्यास बांधलेले आहे, त्या गावाच्या ओळीत तो नाही, आणि ज्या गावाच्या ओळीत तो आहे तेथून पाडवा उजाडताच तो निघून गेलेला असतो. एखादी ग्रामपंचायत दीड हजारांच्या अलीकडे राहते ती अशा बंद घरांमुळे. घरयादी वेगळ्या ऋतूत होते, तीत ते घर दिसते. गणनेत त्याला कुलूप असते. या दोन अंकांतील फरक मांडून दाखविणे हे काम दिल्लीचे नव्हे, तहसिलीचे आणि पंचायत समितीचे आहे.

मोजणीचा काळ आणि हद्दींचा काळ यांचेही असेच नाते आहे. गणना चालू असता गावाची, तालुक्याची अथवा जिल्ह्याची सीमा हलवू नये, हा नियम आहे. म्हणून १९८१ च्या गणनेत जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातच मोजले गेले आणि दोनच महिन्यांनी, १ मे रोजी, ते स्वतंत्र जिल्हा झाले. २०२३ च्या सप्टेंबरात जिल्ह्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. २०११ च्या पुस्तिकेत मात्र ते औरंगाबादच आहे आणि राहणार.

जुने अंक मरत नाहीत याचे सर्वांत ताजे प्रमाण मात्र याच मराठवाड्याने दिले. मराठा समाजाच्या कुणबी नोंदींचा शोध घेण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबादच्या गॅझेटियरमधील नोंदींचा आधार घेण्याचे ठरले. चौकशीसाठी गावपातळीवर जी समिती नेमली तीत पुन्हा ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी, म्हणजे त्याच जुन्या साखळीतले दुवे आले. त्या वादाच्या गुणावगुणांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु शिरगणतीच्या अभ्यासकाला एक गोष्ट दिसल्यावाचून राहत नाही: १८८१ च्या अंकांवर बेतलेले गॅझेटियर जिल्ह्यात कुणबी किती हे सांगू शकते, अमुक मौजातील अमुक कुणबी होता हे सांगू शकत नाही. व्यक्तींची नावे असलेले तक्ते वर्गवारी उरकली की नष्ट केले जात, आणि आजच्या कायद्यानेही ते पुराव्यात घेता येत नाहीत. समूहाचा अंक टिकला, माणसाचे नाव गेले. म्हणून नाव शोधावयाचे तर गावचे खासरा, हक्कनोंदी, शाळेचे दाखले आणि जन्ममृत्यूची जुनी मोडी दप्तरे उघडावी लागली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी पटवाऱ्याने जातीच्या घरात कोणता शब्द लिहिला, याला एवढे मोल येईल हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आले नसेल.

२०२१ ची गणना महासाथीमुळे झाली नाही, आणि घटनेने ‘लोकसंख्या’ म्हणजे प्रसिद्ध झालेल्या शेवटच्या जनगणनेचीच लोकसंख्या असे सांगितले असल्यामुळे वैजापूर तालुक्यातील दीडशेहून अधिक गावांचे प्रभाग, राखीव जागा आणि शिधा आजही २०११ च्या अंकांवर चालू आहेत. नव्या गणनेचा संदर्भक्षण १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा ठरला आहे. तीत प्रथमच मोबाईलवर नोंद होईल आणि स्वतंत्र भारताच्या जनगणनेत प्रथमच सर्वांच्या जाती विचारल्या जातील. तहसिलीतून ग्रामनिर्देशिकेचे कोरे नमुने गावोगाव येतील तेव्हा ग्रामसभेने ते तलाठ्याच्या अथवा ग्रामसेवकाच्या हाती परस्पर भरू देऊ नयेत. २०११ च्या पुस्तिकेतील आपली ओळ मागवून घ्यावी, चावडीवर मोठ्याने वाचावी, तीत शाळा, पाणी, रस्ता यांविषयी जे खोटे अथवा शिळे असेल ते दुरुस्त करून द्यावे, आणि कोयत्याला गेलेल्या घरांची यादी फेब्रुवारी उजाडण्यापूर्वी तहसीलदारांकडे लेखी पोचवावी.